मुली पास होतात, पण गणित कुणाच्या वाट्याला जातं?

२०२५ च्या मे महिन्यात दोन तारखा एकमेकींना लागून आल्या. १२ मे हा जगभरात ‘गणितातील महिलांचा दिवस’ म्हणून साजरा होतो. दुसऱ्याच दिवशी, १३ मे २०२५ रोजी, महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के. मुली ९६.१४ टक्के, मुलं ९२.३१ टक्के. त्याआधी ५ मे रोजी लागलेल्या बारावीच्या निकालातही तेच चित्र होतं. मुली ९४.५८ टक्के, मुलं ८९.५१ टक्के. ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा आता वर्तमानपत्रांना दरवर्षी नव्याने जुळवावाही लागत नाही.

आमच्या मोहल्ल्यांतही पेढे वाटले गेले. आता जमातींचे, संस्थांचे गुणगौरव सोहळे सुरू होतील. मंचावर ट्रॉफी घ्यायला येणाऱ्यांत मुलीच जास्त दिसतील. पाहुणे म्हणतील, ‘कौम की बेटियां आगे बढ रही हैं.’ ते खरंही आहे. पण सोहळा संपल्यावर, खुर्च्या उचलल्या जात असताना, आम्ही अशा मुलींना एक प्रश्न विचारत आलो आहोत. ‘बेटा, आता पुढे काय?’ उत्तरं बहुधा तीनच असतात. कला शाखा. नाहीतर सायन्स घेऊन नीट. नाहीतर ‘अब्बांना विचारून सांगते.’ ‘मला गणित घ्यायचंय’ असं म्हणणारी मुलगी क्वचितच भेटते, दहावीत गणितात नव्वदच्या वर गुण मिळालेले असले तरी.

या लेखात आम्हाला त्याबद्दलच बोलायचं आहे. मुली शाळेत येतात, पास होतात, पुढेही जातात. मग गणित नेमकं कुठे सुटतं? आणि सुटतं, की सोडवलं जातं?

१२ मे का?

ही तारीख मरियम मिर्झाखानी यांच्या जन्माची. १९७७ साली तेहरानमध्ये जन्मलेली ही मुलगी २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी जगातली पहिली महिला ठरली. गणितात नोबेल नाही. फील्ड्स पदकालाच गणिताचं नोबेल म्हणतात. १९३६ ते २०२२ या काळात हे पदक ६४ जणांना मिळालं. त्यात महिला किती? दोन. मरियम, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या मरिना वियाझोव्स्का. २०१७ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मरियम यांचं कर्करोगाने निधन झालं. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधल्या रिओ येथे जगभरच्या महिला गणितज्ञांची बैठक झाली. तिथे इराणच्या गणित संघटनेतील महिला समितीने त्यांच्या वाढदिवसाचा प्रस्ताव मांडला आणि तो मान्य झाला.

मरियम यांच्या आयुष्यातला एक प्रसंग प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. लहानपणी या मुलीला लेखिका व्हायचं होतं. हातात येईल ती कादंबरी ती वाचून काढायची. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी गणितात तिची कामगिरी बेताची होती. हिला यात विशेष गती नाही, असं तिच्या शिक्षिकेचं मत झालं. त्या वयात एवढं पुरतं. मुलीचा गणितातला रस संपला. पुढच्या वर्षी वेगळे शिक्षक आले, त्यांनी हुरूप दिला आणि तीच मुलगी वर्गात चमकायला लागली.

पुढचा प्रसंग आणखी मोलाचा. मरियम आणि तिची मैत्रीण रोया बेहश्ती यांच्या हाती इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडच्या निवड परीक्षेचे प्रश्न लागले. काही सुटले. दोघी थेट मुख्याध्यापिकेकडे गेल्या आणि म्हणाल्या, मुलांच्या शाळेत असे प्रश्न सोडवायचे वर्ग होतात, आम्हालाही हवेत. इराणच्या ऑलिम्पियाड संघात तोवर एकही मुलगी गेली नव्हती. मुख्याध्यापिका ‘मुलींना कशाला’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी वर्ग सुरू करून दिले. १९९४ मध्ये मरियमने आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये ४२ पैकी ४१ गुण मिळवून सुवर्णपदक आणलं. १९९५ मध्ये पुन्हा सुवर्ण, आणि या वेळी ४२ पैकी ४२.

लक्षात घ्या, मुलगी तीच होती आणि बुद्धीही तीच होती. एका वर्षी शिक्षिकेने मान हलवली आणि गणित जवळजवळ सुटलं. दुसऱ्या वर्षी कुणीतरी दार उघडलं आणि जग बदललं. आपल्या गावांत, वस्त्यांत अशी किती दारं बंद राहिली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

इराणमध्ये सगळं आलबेल होतं, असा याचा अर्थ अजिबात नाही. त्याच देशात २०१२ मध्ये ३६ विद्यापीठांनी ७७ अभ्यासक्रम मुलींसाठी बंद केले होते. शेजारच्या अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींच्या माध्यमिक शाळांना आणि डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठांना कुलूप आहे. मरियम घडल्या त्या शाळेतल्या एका उघड्या दारामुळे. ते दार सरकारच्या एका फर्मानाने बंदही होऊ शकतं. म्हणून ‘आपल्याकडे तर बंदी नाही ना’ एवढ्यावर समाधान मानू नये. बंदी नसतानाही दार बंद असू शकतं.

‘मुलींचं डोकं गणितात चालत नाही’ हे खरं आहे का?

हे वाक्य आजकाल उघडपणे कमी ऐकू येतं, पण मनात घट्ट आहे. म्हणून आकडेच पाहू.

२०२२ च्या पिसा चाचणीत ८१ देश आणि प्रदेशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींची गणिताची परीक्षा झाली. ४० ठिकाणी मुलं पुढे होती. १७ ठिकाणी मुली पुढे होत्या. उरलेल्या २४ ठिकाणी दोघांत म्हणण्यासारखा फरकच नव्हता. डोकं जन्मतःच वेगळं असतं, तर सगळीकडे एकच चित्र दिसायला हवं होतं. तसं दिसत नाही. मलेशिया, जॉर्डन, ओमान या मुस्लिमबहुल देशांतल्या मुली अशा आंतरराष्ट्रीय चाचण्यांत मुलांच्या पुढे राहिल्या आहेत. म्हणजे ‘मुली म्हणून जमत नाही’ हेही खोटं, आणि ‘मुस्लिम मुली म्हणून जमत नाही’ हे तर त्याहून खोटं.

मग फरक येतो कुठून? अमेरिकेत २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या मुलींना ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगितली, तर त्या ते माणूस बाई आहे असंही सहज समजायच्या. सहा-सात वर्षांच्या झाल्यावर मात्र ‘खूप हुशार’ म्हणजे पुरुष, असं त्यांना वाटू लागलं. त्याआधी २०१० मधल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की पहिली-दुसरीच्या ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींवर वर्षाअखेरीस तिचा परिणाम झाला होता, मुलांवर नाही. थोडक्यात, मुलगी बाईंकडे बघून शिकते. बाई पाढ्यांना घाबरत असतील, तर मुलगी पाढ्यांबरोबर ती भीतीही शिकते.

आता आपल्या घरात डोकावून बघा. अम्मी म्हणते, ‘मला पण हिसाब कधी जमला नाही.’ मुलीला बरं वाटावं म्हणून ती हे मायेने म्हणते. पण मुलगी त्यातून काय घेते? आपल्यात हे चालत नसतं, एवढंच.

आपल्याकडची गळती

भारताचं चित्र वरवर गोंधळात टाकणारं आहे. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यात मुली २९.८ लाख आणि मुलं २७.४ लाख. म्हणजे विज्ञानात मुली जास्त! मग अडचण काय?

अडचण एक पायरी खाली गेल्यावर दिसते. ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची ‘असर’ने २०२३ मध्ये पाहणी केली. आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा वाचण्यात मुली (७६ टक्के) मुलांच्या (७०.९ टक्के) पुढे होत्या. गणितात मात्र मुलं पुढे. अकरावी आणि त्यापुढे शिकणाऱ्यांत विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताकडे ३६.३ टक्के मुलं गेली आणि २८.१ टक्के मुली. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्के मुलींकडे. ज्या काळात गणिताची शिकवणी यूट्यूबवर फुकट मिळते, त्या काळात हा फरक साधा नाही. फोन भावाच्या खिशात असेल, तर गणितही भावाच्याच खिशात राहतं.

त्यापुढची पायरी आयआयटीची. तिथे बी.टेक.ला मुलींचं प्रमाण अनेक वर्षं दहा टक्क्यांच्याही आत होतं. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या. आधी १४ टक्के, २०१९ मध्ये १७ आणि २०२० पासून २० टक्के. या जागा वाढीव होत्या, मुलांच्या कमी केल्या नव्हत्या. ‘मुलीच येत नाहीत हो’ म्हणणारे गप्प झाले. दार थोडं रुंद केलं आणि मुली आत आल्या, इतकी ती साधी गोष्ट होती. समान संधी म्हणजे मेहरबानी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण बघावं. मुलींना गुण वाटले नव्हते. प्रवेश परीक्षा तीच होती.

मुस्लिम मुलीपुढचे तीन अडथळे

आता थेट आपल्या घरातलं बोलू. आम्हाला तीन अडथळे ठळक दिसतात.

पहिला अडथळा भाषेचा. उर्दू माध्यमातली मुलगी दहावीपर्यंत त्रिकोणाला ‘मुसल्लस’ म्हणते, कोनाला ‘जाविया’, वर्तुळाला ‘दायरा’ आणि समीकरणाला ‘मुसावात’. अकरावी सायन्सला गेली की एका दिवसात सगळं इंग्रजी. बाहेर बाजारात, बसस्टँडवर, सरकारी कचेरीत मराठी. त्यात अकरावीचं गणित मुळात अवघड. मग मुलीला वाटतं, मला गणितच येत नाही. खरं म्हणजे तिला गणित येतं, फक्त ‘ट्रँगल’ म्हणजेच आपला मुसल्लस हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. यावर उपाय महाग नाही. दहावीच्या सुट्टीतला एक महिन्याचा ‘पूल वर्ग’ आणि शे-दोनशे शब्दांची उर्दू-मराठी-इंग्रजी यादी, एवढ्यावर भागतं. मातृभाषेतून गणित शिकणं ही कमजोरी नाही, उलट पाया पक्का करणारी गोष्ट आहे. कमी आहे ती पुढच्या पुलाची.

दुसरा अडथळा अंतराचा. एका तालुक्याच्या गावी आम्हाला एक मुलगी भेटली. गणितात ९१ गुण. वडील बेकरीत कामाला. तिच्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे, पण तिथे फक्त कला शाखा. सायन्स हवं असेल तर चौदा किलोमीटरवरच्या शहरात जायचं, आणि एसटीची परतीची गाडी संध्याकाळी सातला. अब्बांचा विरोध शिक्षणाला नव्हता, काळजी सातच्या गाडीची होती. मुलगी कला शाखेत गेली. कागदावर तिची नोंद ‘शिक्षण चालू’ अशीच राहील. गळतीच्या कुठल्याच आकड्यात ती दिसणार नाही. पण गणितातून ती गेली ती गेलीच. आपल्या संस्थाचालकांनी स्वतःला विचारावं की मुलींच्या शाळांना कनिष्ठ महाविद्यालय जोडताना आपण कला शाखाच का निवडतो? प्रयोगशाळा नको, खर्च कमी, मान्यता सोपी, म्हणून? मग मुलींनी कला शाखा ‘निवडली’ असं कसं म्हणायचं?

तिसरा अडथळा जरा नाजूक आहे, कारण तो चांगल्या हेतूतून येतो. तो म्हणजे ‘हुशार मुलगी म्हणजे डॉक्टर’. मुलगी हुशार निघाली की घर तिला बायोलॉजी देतं आणि गणित सोडायला लावतं, कारण नीटला गणित नाही. डॉक्टर होणं चांगलंच आहे. पण हिशेब बघा. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या घरात. बाकीच्यांचं काय? ज्यांनी गणित ठेवलं असेल, त्यांच्यापुढे अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, संख्याशास्त्र, विमागणित, डेटाचं काम असे रस्ते उघडे असतात. ज्यांनी सोडलं, त्यांच्यासाठी यातले बहुतेक बंद. हुशार मुलीला एकाच दारासमोर उभं करायचं आणि ते उघडलं नाही तर घरी बसवायचं, यात तिचं भलं कसलं?

गणित सोडणं सोपं होत चाललंय

याच संदर्भात एका सरकारी बदलाकडे लक्ष द्यायला हवं. २०२४ मध्ये आलेल्या राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद आहे की दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण किमान २० गुण मिळाले, तरी विद्यार्थ्याला अकरावीला जाता येईल. अट एवढीच, की पुढे ते विषय घेता येणार नाहीत आणि गुणपत्रिकेवर तसा शेरा असेल. सीबीएसईमध्येही २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताचे ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन प्रकार आहेत.

हेतू वाईट नाही. फक्त गणितात नापास झाल्यामुळे शाळा सुटलेली हजारो मुलं आहेत, आणि त्यात मुलीही आहेत. नापासाचा शिक्का बसला की मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, हे आपण सगळे जाणतो. तिला पुढे शिकायला मिळत असेल तर ते चांगलंच.

पण दुसरी बाजूही बघा. सुटकेची वाट काढली की त्या वाटेने कोण आधी पाठवलं जातं? मुलाला २५ गुण पडले तर घर म्हणेल, ‘क्लास लावू, पुन्हा परीक्षा दे.’ मुलीला २५ पडले तर, ‘चल, झाली एकदाची पास. तुला कुठे इंजिनिअर व्हायचंय?’ शेरा दोघांच्याही गुणपत्रिकेवर सारखाच असेल, पण तो पुसायला फक्त मुलाला मदत मिळेल. म्हणून आमचं म्हणणं असं की अशी सवलत द्यायची असेल, तर तिच्यासोबत फेरपरीक्षेची मोफत तयारी द्या. आणि हा शेरा मुली किती घेतात, मुलं किती घेतात, याचे आकडे दरवर्षी जाहीर करा. आकडे समोर आले तरच खरी गोष्ट कळेल.

फी माफ झाली, पण दारापर्यंत कोण पोहोचणार?

सरकारने एक गोष्ट चांगली केली, ती मान्य करायला हवी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असण्याची. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जे त्या यादीत नाहीत त्यांना अटी पूर्ण होत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो. तरी अजून कित्येक घरांना ही योजना आपल्यालाही लागू आहे, हेच माहीत नाही. दाखल्यांची कामं निकालानंतर नव्हे, निकालाआधी करायची असतात.

पण अभियांत्रिकीची फी माफ होऊन उपयोग काय, जर मुलीने अकरावीतच गणित सोडलं असेल? माफी वरच्या मजल्यावर आहे आणि जिना खालीच तुटलेला आहे.

जिना तुटायला सरकारी निर्णयही कारणीभूत आहेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती त्याच वर्षी फक्त नववी-दहावीपुरती उरली. नववी ते बारावीच्या अल्पसंख्याक मुलींसाठीची बेगम हजरत महल शिष्यवृत्ती मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशनमार्फत मिळायची. ते फाउंडेशनच गुंडाळायचा आदेश २०२४ मध्ये निघाला. ही शिष्यवृत्ती नववी-दहावीला ५ हजार आणि अकरावी-बारावीला ६ हजार रुपये होती. रक्कम छोटी वाटेल, पण एसटीचा पास आणि पुस्तकं त्यात निघायची. गणितासारख्या विषयात संशोधनाला पाच-सहा वर्षं लागतात. तेवढा काळ फेलोशिप नसेल, तर गरीब घरातली मुलगी, धर्म कुठलाही असो, तिथवर जाऊच शकत नाही. राज्याने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था उभारायचं ठरवलं आहे. तिच्या कामात मुलींसाठी गणित-विज्ञानाची फेलोशिप यावी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आत्ताच लावून धरायला हवी.

‘इतकं शिकवून करायचं काय?’

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण तो घराघरात विचारला जातो. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. ‘मुलगी एवढी शिकली तर तिच्या जोडीचा मुलगा कुठून आणायचा?’ आपली मुलं लवकर शाळा सोडून गॅरेजला, दुकानाला लागतात हे खरं आहे आणि ती चिंताही खरी आहे. पण मुलं मागे पडली म्हणून मुलींना थांबवायचं, हा कुठला न्याय? उपाय मुलांना पुढे आणण्याचा करायला हवा, मुलींना मागे ओढण्याचा नाही.

आणि गणित फक्त प्राध्यापक व्हायला लागत नाही. पोलीस भरती, बँक, एमपीएससी, सगळीकडे अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी आहे. तेही सोडा, घरापुरतं बघू. आपल्या वस्त्यांत गटाने कर्ज घेणाऱ्या बायका किती आहेत, हे आम्ही सांगायला नको. समजा, कुणी ३० हजार रुपये दिले आणि म्हणालं, ‘व्याज फक्त १२ टक्के, वर्षभर महिना २,८०० चा हप्ता.’ ऐकायला ठीक वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ३० हजारांवर लावलंय. घटत्या शिल्लकीवर हिशेब केला तर तोच दर २१ टक्क्यांच्याही वर जातो. हा हिशेब दहावीच्या गणितातून थोडं पुढे गेलेली मुलगी घरबसल्या काढू शकते. ज्या घरात ती आहे, ते घर फसत नाही.

दीनच्या दृष्टीने पाहिलं तरी गणित आपल्याला परकं नाही. जकात म्हणजे चाळिसावा हिस्सा काढणं, आणि विरासतीचे वाटे म्हणजे अपूर्णांकच. ‘अल्जिब्रा’ हा शब्द ज्या ग्रंथावरून आला, त्या अल-ख्वारिज्मीच्या नवव्या शतकातल्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटपाच्या उदाहरणांचा आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये सुतैता अल-महामली नावाची बाई हिसाब आणि फराइज, म्हणजे विरासतीच्या गणितात जाणकार म्हणून नावाजलेली होती, अशी नोंद त्या काळच्या विद्वानांच्या चरित्रग्रंथांत आहे. हजार वर्षांपूर्वी बगदादला जे चाललं, ते आज मालेगाव, भिवंडी, परभणीला का चालू नये? आणि एक गोष्ट स्पष्टच सांगू. विरासतीत आपला हिस्सा किती, हे मुलीला स्वतः काढता आलं तर तो हिस्सा बुडवणंही जरा अवघड होईल.

आपल्याच मातीतल्या बायका

उदाहरणं दूरचीच आहेत असं नाही. रमण परिमला यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं. १९८७ मध्ये त्यांना गणितासाठी भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०१० मध्ये हैदराबादला भरलेल्या जागतिक गणित परिषदेत मुख्य व्याख्यान देण्याचा मान मिळाला. कोलकात्याच्या नीना गुप्ता यांना २०१९ मध्ये भटनागर आणि २०२१ मध्ये रामानुजन पुरस्कार मिळाला.

मंगला नारळीकरांचं उदाहरण तर घरातलंच. लग्न झालं, संसार, मुली, आणि त्यातून वाट काढत १९८१ मध्ये मुंबई विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. पुढे त्यांनी मुलांसाठी सोप्या मराठीत गणितावर लिहिलं, बालभारतीच्या गणित समितीचं काम पाहिलं. २०१९ मध्ये ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं म्हणू द्या, यावरून त्यांच्यावर टीकेचा आणि विनोदांचा भडिमार झाला. त्यांचं म्हणणं साधं होतं. मराठीतले संख्यांचे जोडाक्षरी शब्द लहान मुलांना अवघड जातात, आणि भीती तिथूनच सुरू होते. पटो वा न पटो, त्या बोलत होत्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या बाजूने. २०२३ मध्ये त्या गेल्या.

आता काय करायचं?

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. पर्याय भरायला हातात थोडेच दिवस असतात. म्हणून आमच्या काही सूचना अगदी साध्या आणि लगेच करता येतील अशा आहेत.

ज्या मुलीला गणितात बरे गुण आहेत, तिने सायन्स घेतलं तर गणित सोडू नये. नीट द्यायची असेल तर बायोलॉजीबरोबर गणितही ठेवता येतं. ओझं वाढतं, पण दुसरं दार उघडं राहतं. निर्णय घेण्याआधी अब्बा-अम्मींनी तिलाच विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

जमाती आणि संस्थांनी गुणगौरवाच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून जून महिन्यात मुलींसाठी गणिताचा पूल वर्ग सुरू करावा. हॉल आपलाच आहे. अभियांत्रिकीला गेलेल्या आपल्याच वस्तीतल्या एखाद्या आपाला शिकवायला बोलवावं. ट्रॉफी कपाटात राहते, शिकवलेलं मुलीबरोबर जातं. गाडीचा प्रश्न असेल तर पाच-सात घरांनी मिळून रिक्षा ठरवावी. सातच्या एसटीपुढे ९१ गुण हरता कामा नयेत.

शाळांनी ऑलिम्पियाडचं नाव मुलींना आठवी-नववीतच सांगावं. याचं राष्ट्रीय काम मुंबईतच, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून चालतं. फक्त मुलींसाठीचं युरोपियन गणित ऑलिम्पियाड २०१२ पासून भरतं आणि २०१५ पासून भारताचा संघ त्यात जातो. आपल्या किती शाळांच्या सूचनाफलकावर हे कधी लागलं? तेहरानच्या त्या दोन मुली मुख्याध्यापिकेकडे स्वतः गेल्या होत्या. आपल्या मुली कदाचित संकोचतील. मग मुख्याध्यापकांनीच वर्गात जाऊन विचारावं, ‘कोण बसणार?’

आणि शिक्षकांना एक विनंती. गणितात अडखळणाऱ्या मुलीकडे बघून मान हलवण्याआधी मरियम आठवा. तिच्याही शिक्षिकेला वाटलं होतं की हिला यात गती नाही. पुढच्या वर्षी वेगळं कुणीतरी भेटलं, हे तिचं नशीब. आपल्या वर्गातल्या मुलीला ते ‘वेगळं कुणीतरी’ भेटेलच याची खात्री नाही. ते तुम्हालाच व्हावं लागेल.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा निकाल लागेल, पुन्हा मुली पुढे असतील, पुन्हा पेढे वाटले जातील. आम्ही पुन्हा त्या सोहळ्याला जाऊ आणि तोच प्रश्न विचारू. ‘बेटा, आता पुढे काय?’ तेव्हा मंचावरच्या दहा मुलींपैकी दोघी-तिघी जरी न अडखळता ‘गणित’ म्हणाल्या, तरी आमच्यासाठी तो खरा निकाल असेल.